लग्नाला ठाण्यात येताय? मुहूर्त सोडून उरलेल्या वेळेचं काय करायचं

ठाण्यातलं लग्न म्हणजे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी दोन-अडीच दिवसांचं येणं. आदल्या रात्री हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन आणि या सगळ्याच्या अधेमधे भरपूर रिकामा वेळ. यजमानांना श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे ते तुम्हाला कुठे फिरवतील ही आशा सोडा. मग काही पाहुणे खोलीत पंख्याखाली आडवे होतात. काही जण ‘जरा मुंबई बघून येतो’ म्हणत निघतात, गेटवेवर अर्धा तास उभे राहतात आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये चेंगरून परततात. तोवर इकडे रिसेप्शनच्या स्टेजसमोरची रांग ओसरलेली असते.

दोन्हींची गरज नाही. ठाण्यात बघायला आणि विशेषतः खायला पुरेसं आहे. फक्त कुठली गोष्ट कुठल्या वेळी करायची ते कळायला हवं. इथे अंतर किलोमीटरमध्ये कोणी सांगत नाही. नौपाड्याहून कासारवडवली किती लांब, असं विचारलं की ठाणेकर उलट विचारतो, ‘निघणार किती वाजता?’ पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

१. आधी पत्रिकेवरचा पत्ता नीट वाचा

पत्रिकेवर नुसतं ‘ठाणे’ लिहिलं असेल तर हुरळून जाऊ नका. ‘जि. ठाणे’ म्हणजे डोंबिवली, कल्याण, बदलापूर काहीही असू शकतं. शहरातलं ठाणे असेल तर पिनकोड बघा. ४००६०१ आणि ४००६०२ म्हणजे स्टेशन आणि नौपाडा, म्हणजे जुनं ठाणं. तुमचं नशीब चांगलं आहे, बरंच काही पायी होईल. ४००६०३ म्हणजे कोपरी, स्टेशनची पूर्व बाजू. ४००६०५ म्हणजे खाडीपलीकडचं कळवा. आणि ४००६०७ किंवा ४००६१५ असेल तर कार्यालय घोडबंदर रोडला आहे.

घोडबंदर रोड ही वेगळीच दुनिया आहे. मोठमोठे हॉल आणि लॉन्स तिकडेच. माजिवडा-कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत हा रस्ता जातो, मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही बाजूंना टोलेजंग इमारती, आणि गुजरातकडे जाणारे ट्रकही इथूनच. रविवारी पहाटे वीस मिनिटांत होणारा प्रवास शुक्रवारी संध्याकाळी सव्वा तास घेतो. तेव्हा राहण्याची सोय तुमची तुम्हीच करणार असाल तर साधा नियम: लग्न घोडबंदरला असेल तर मुक्काम घोडबंदरलाच. स्टेशनजवळची खोली स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर लग्नाच्या सकाळी नऊवारी नेसलेल्या मावशींना घेऊन कापूरबावडीच्या सिग्नलला बसून मंगलाष्टकं मोबाइलवर ऐकावी लागतील.

२. पोचायचं कसं

रेल्वेने येणाऱ्यांचं सोपं आहे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या ठाण्याला थांबतात. तुमची थांबत नसेल तर नाशिक किंवा पुण्याकडून येताना कल्याणला उतरा आणि लोकल पकडा. दादर किंवा सीएसएमटीला उतरलात आणि सोबत बॅगा असतील, तर फास्ट लोकलच्या मोहात पडू नका. कर्जत-कसारा फास्टमध्ये संध्याकाळी चढणं ही सरावाची गोष्ट आहे, आणि ठाण्याला उतरणं त्याहून. ‘ठाणे लोकल’ घ्या. ती स्लो असते, पण ठाण्यालाच संपते, त्यामुळे दारात उभं राहून ‘उतरायचं आहे, उतरायचं आहे’ करावं लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच स्टेशनात आली होती. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. तेव्हा अंतर चौतीस किलोमीटर होतं, आजही तेवढंच आहे. हे मुलांना फलाटावरच सांगून टाका, बाहेर आल्यावर रिक्षाच्या रांगेत कोणी ऐकणार नाही.

विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळाचं नाव तपासा. आता मुंबईचा आणि नवी मुंबईचा असे दोन आहेत, आणि घ्यायला येणारा भाचा चुकीच्या विमानतळावर उभा राहिला तर लग्नघरात दोन दिवस तोच विषय चालेल.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी: नाशिकहून भिवंडी बायपासमार्गे थेट माजिवड्याला निघता. पुण्याहून येताना नकाशा शीळफाटा-मुंब्रा बायपास दाखवतो, पण तिथे अवजड वाहनांची रांग लागली की सुटका नाही. त्यापेक्षा ठाणे-बेलापूर रस्ता धरून ऐरोली किंवा कळव्याकडून आत शिरा. मुंबईच्या बाजूने येताना आनंदनगर नाक्यावर लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही.

हायवेवरची नाक्यांची नावं पाठ करून ठेवा, कारण पत्ते त्यावरूनच सांगतात: मुंबईकडून येताना आधी तीन हात नाका, मग नितीन कंपनी, मग कॅडबरी, मग माजिवडा. कारखाने राहोत न राहोत, नाक्यांना नावं त्यांचीच. ‘कॅडबरीला उतरा’ म्हटलं तर चॉकलेटचं दुकान शोधू नका.

३. रिक्षा

स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलात की डोक्यावर सॅटीसचा पूल दिसतो. टीएमटीच्या, म्हणजे ठाणे शहराच्या, बस वरून सुटतात, रिक्षा खालून. मीटरची रांग वेगळी, शेअर रिक्षांची वेगळी. मीटरचं किमान भाडं २६ रुपये आहे (फेब्रुवारी २०२५ पासून), मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त. रांग मोडू नका. भरजरी साडी बघून कोणी पुढे सोडत नाही. पूल उतरताना ‘कुठे जायचंय काका?’ करत जो अंगाशी येतो, तो मीटर टाकणारा नसतो.

शेअर रिक्षात मागे तिघं बसतात आणि रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. बॅग मांडीवर घ्यावी लागते. एकट्यादुकट्याला ठीक, कुटुंबाला नाही.

४. पहिली सकाळ जुन्या ठाण्यात घालवा

ही एक गोष्ट केलीत तरी ठाणं बघितलं असं म्हणता येईल. सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी आठच्या सुमारास निघा. अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात.

सुरुवात मामलेदार मिसळीने. तहसील कचेरीला जुने लोक मामलेदार कचेरी म्हणत, तिथलंच हे उपाहारगृह, म्हणून हे नाव. स्टेशनपासून पायी जाता येतं. बसायला ऐसपैस नाही, अनोळखी माणसांशेजारी बाकावर बसावं लागतं आणि मागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. मेन्यूकार्ड वाचत बसण्याची ही जागा नव्हे. मुद्दा आहे तो तिखटाचा. कोल्हापूरकर इथे येऊन ‘आम्हाला काय तिखट सांगता’ म्हणतात आणि पहिल्या तीन घासांत गप्प होतात. मीडियम मागवा. खरंच, मीडियमच मागवा. ताटलीत उसळ आणि फरसाण, वरून काळपट लाल रस्सा, त्यावर तेलाचा तवंग, बाजूला कांदा-लिंबू. पाव आधी कोरडा मोडून रस्स्याच्या कडेला टेकवा, थेट मधे बुडवू नका, नाहीतर सगळी तर्री पहिल्याच घासाला येते. ताक आधीच सांगून ठेवा. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी नेसून-सवरून इथे येऊ नका. पैठणीवरचा तर्रीचा डाग कुठल्याही ड्रायक्लिनिंगने जात नाही.

तिखट झेपत नसेल तर वडापाव. ठाण्यात वडापावावरून घराघरांत तट आहेत. स्टेशनसमोर कुंजविहारचा वडा आकाराने एवढा मोठा की एकात पोट भरतं. नौपाड्यात विष्णुनगरला गजाननचा, त्याची ख्याती वड्यापेक्षा चटणीची: बेसनाची पिवळी चटणी. लोक वड्यापेक्षा तिचीच मागणी जास्त करतात. तिसरा पक्ष राजमातावाल्यांचा. माझं मत गजाननला, पण यजमानांसमोर आधी त्यांचं मत विचारून घ्या, मग आपलं सांगा. लग्नघरात आणखी एक वाद नको.

तिथून जांभळी नाक्याच्या बाजारातून कौपिनेश्वराच्या देवळात. ठाण्याचं हे ग्रामदैवत म्हणायला हरकत नाही. मूळ देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं मानतात, आजची वास्तू पेशवाईतली. गाभाऱ्यातली पिंड नेहमी बघतो त्यापेक्षा बरीच मोठी आहे, पहिल्यांदा बघणारा क्षणभर थबकतोच. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत ठाणेकर नटूनथटून याच परिसरात जमतात. सकाळी देवळाच्या भोवती फुलं, भाज्या, पूजेचं साहित्य यांची झुंबड असते. यजमानांकडे विड्याची पानं कमी पडली असतील तर इथूनच घेऊन जा, तुमची किंमत वाढेल.

देवळाला लागूनच मासुंदा तलाव. ठाणेकर त्याला तलावपाळीच म्हणतात. या शहरात तीसच्या वर तलाव आहेत, पण नुसतं ‘तलावावर भेटू’ म्हटलं की तो हाच. काठावर राम गणेश गडकरी रंगायतन आणि जवळच पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. एका फेरीत देऊळ, चर्च आणि नाट्यगृह तिन्ही होतात. सकाळी काठ शांत असतो, चालणारे ज्येष्ठ नागरिक सोडले तर. तलावपाळीची खरी मजा मात्र रात्री, त्याबद्दल पुढे.

इतिहासाची आवड असेल तर आणखी पाच-दहा मिनिटं काढा आणि ठाण्याचा किल्ला बाहेरून बघून या. बाहेरूनच, कारण आत मध्यवर्ती कारागृह आहे. बांधायला घेतला पोर्तुगिजांनी, १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. नाशिकच्या पाहुण्यांनी तर इथे यावंच. विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे, आणि त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे, या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी दिलं. भिंतीकडे कॅमेरा रोखून उभं राहू नका, पहारेकरी हटकतात.

५. अर्धा दिवस मोकळा असेल तर: पक्षी किंवा देऊळ

दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नका.

लग्नसराई आणि रोहित पक्ष्यांचा हंगाम जवळपास एकच, साधारण नोव्हेंबर ते मे. ठाणे खाडीत हजारोंनी फ्लेमिंगो उतरतात, जानेवारीनंतर जास्त. खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बोटीतून बघायचे तर ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रात जावं लागतं. बोटीची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. म्हणून कधी पहाटे, कधी भर दुपारी. ऑनलाइन आरक्षण घरूनच करून या, शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. हळद रात्री आणि बोट दुपारची मिळाली, तर यापेक्षा चांगला योग नाही.

जायला ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटांवरून ट्रान्सहार्बरची वाशी, नेरूळ किंवा पनवेल गाडी. पहिलं दिघा गाव, दुसरं ऐरोली. तिथून रिक्षा. टोपी, पाणी आणि असेल तर दुर्बीण. खाडी आहे, तेव्हा वासाची तक्रार करू नका. भडक रंगाचे कपडे नकोत असंही सांगतात, म्हणजे रिसेप्शनची शेरवानी घालून जाऊ नका. लांबून गुलाबी पट्टा दिसतो, मग बोट जवळ जाते तसा एकेक पक्षी सुटा होतो: मान पाण्यात उलटी घालून चिखल गाळणारा, एका पायावर डुलकी काढणारा, आणि मधेच उडणारा एखादा, ज्याच्या पंखाखालचा लाल-काळा रंग तेव्हाच कळतो. छोटा रोहित जास्त दिसतो, त्याची चोच गडद असते. मोठ्याची उंची आणि फिकट गुलाबी चोच ओळखू येते.

पक्ष्यांत रस नसेल तर अंबरनाथचं शिवमंदिर. कर्जत किंवा खोपोलीकडे जाणारी कोणतीही लोकल, अंबरनाथ पूर्वेला उतरून रिक्षा. शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० असा काळ आहे, शिलाहारांचं काम. बाहेरच्या भिंतींवर इंचभर दगड कोरीव कामाशिवाय सोडलेला नाही, आणि गाभाऱ्यात जायला पायऱ्या खाली उतराव्या लागतात. आजूबाजूची वस्ती आणि वालधुनी नदीची अवस्था बघून मन खट्टू होतं, तरी देऊळ बघाच. मूर्तिकामात रस असलेल्याला दोन तास पुरत नाहीत. महाशिवरात्रीच्या आसपास मात्र नको, जत्रा असते.

येऊरबद्दल कोणीतरी सांगेलच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग, डोंगर, झाडी, आदिवासी पाडे. सकाळी चालायला छान. पण हे जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे, आणि रात्री बाहेरच्या गाड्या आत सोडत नाहीत. ‘येऊरला पार्टी’ असं कोणी भाऊजी सुचवू लागले तर त्यांना पायथ्याच्या उपवन तलावावर घेऊन जा. सूर्य डोंगरामागे जाताना तिथे बसायला बरं वाटतं, आणि चहा-कणीस हाताशी मिळतं.

६. जेवण

एक गोष्ट आधी. लग्नाच्या दिवशी बाहेर जेवू नका. पंगत असो की बुफे, मसालेभात, अळूची भाजी, जिलबी आणि मठ्ठा यासाठी जागा ठेवायची असते. बाहेरचं जेवण आदल्या दिवशी दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी.

समुद्रकाठच्या जिल्ह्यात आलात, तेव्हा मासे खा. ठाण्यात मालवणी खानावळी गल्लोगल्ली आहेत, यजमानांच्या घराजवळची कुठली चांगली ते शेजारी अचूक सांगतात. मी नाव देण्यापेक्षा मागवायचं कसं ते सांगतो. नवख्याने बोंबील फ्राय आणि सुरमईची थाळी घ्यावी: तुकडा, आमटी, भात, सोलकढी, आणि चपातीऐवजी तांदळाची भाकरी मागून घ्या. पापलेटसमोर दराच्या जागी ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे मासा बघून दर. मागवण्याआधी आकार बघा आणि किंमत विचारा. यात लाज कसली, इथले लोकही विचारतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खाणाऱ्यांचे वार. रविवारी दुपारी एकला गेलात तर दारात तासभर उभं राहावं लागेल. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी यजमानांना ‘चला मासे खायला’ म्हणू नका. घरात घट मांडलेला असतो.

शाकाहारी आणि घरगुती चवीचं हवं असेल तर घंटाळी देवळाच्या बाजूला मेतकूट आहे. मऊ भात-मेतकूट, थालीपीठ, वरणफळं अशा पदार्थांना जिथे रांग लागते, असं हे ठिकाण. विदर्भ-मराठवाड्याकडच्या पाहुण्यांना कोकणी-पुणेरी चवीची ओळख करून द्यायला चांगलं. तुम्हीच पुण्याचे असाल तर पैसे देऊन मेतकूटभात कशाला, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

चाट आणि मिठाईसाठी पाचपाखाडीचं प्रशांत कॉर्नर. संध्याकाळी पाणीपुरीला झुंबड असते. गावी न्यायची मिठाईही इथूनच घेता येईल, फक्त ती परत जायच्या दिवशी सकाळी घ्या, संध्याकाळी नको.

७. रात्र

ठाण्याचं रात्रीचं फिरणं म्हणजे जेवणानंतर तलावपाळी. नऊनंतर सगळं ठाणं तिथे असतं. कठड्यावर बसलेली जोडपी, आईस्क्रीम सांडणारी मुलं, भेळवाले, कुल्फीवाले, आणि तलावात नौकाविहार. दिवाळीच्या पहाटे तर तरुण मंडळींची इथे आणि राम मारुती रोडवर एवढी गर्दी होते की पाय ठेवायला जागा मिळत नाही. लग्नासाठी आलेल्या पाहुण्यांनी एक फेरी बोटीची, एक फेरी काठाने, आणि एक कुल्फी. दीड तास मजेत जातो, खर्च नाममात्र.

दुसरा पर्याय नाटक. गडकरी रंगायतन १९७८ पासून ठाण्याची सवय आहे. शनिवार-रविवारी बहुधा दुपारी साडेचार आणि रात्री साडेआठच्या आसपास प्रयोग असतात. मध्यंतरातला बटाटेवडा नाटकाइतकाच महत्त्वाचा, पडदा पडायच्या आधी दाराकडे सरकणारे ठाणेकर ओळखा आणि त्यांच्या मागे जा. घोडबंदरला उतरलेल्यांसाठी हिरानंदानी मेडोजजवळ काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, त्यांनी गडकरीपर्यंत येण्याचा हट्ट करू नये.

आता ज्यांना ‘बसायचं’ आहे त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१ पूर्ण हवं, त्याहून कडक दारूला २५, आणि ओळखपत्र मागतात. पबसारख्या जागा कापूरबावडी-कोलशेतच्या भागात आणि हिरानंदानी इस्टेटमध्ये ‘द वॉक’च्या आसपास. नावं मुद्दाम देत नाही, पुढच्या लग्नसराईपर्यंत पाट्या बदललेल्या असतात. घरच्या बायका-मुलांसोबत जायचं असेल तर ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशी पाटी बघा आणि आत शिरताच ‘फॅमिली सेक्शन कुठे?’ विचारा. तो बहुधा वरच्या मजल्यावर, एसीत असतो. ज्या पाटीवर ‘ऑर्केस्ट्रा’ असेल तिकडे वळू नका. साधारण दीडपर्यंत सगळं बंद होतं. परत मात्र स्वतः गाडी न चालवता रिक्षाने या. लग्नसराईत नाकाबंदी असतेच, आणि नवरदेवाच्या मित्रांना सोडवायला वधूपित्याने पोलीस चौकीत जाणं चांगलं दिसत नाही. प्रवासाची तारीख ठरवताना ड्राय डे आहे का तेही बघा. २६ जानेवारी दर वर्षी कोणाच्या तरी लक्षात राहत नाही.

पण खरं सांगू? ठाण्यातली सगळ्यात रंगतदार रात्र पबमध्ये नसते, ती आगरी-कोळ्यांच्या हळदीत असते. बाळकुम, कोलशेत, ढोकाळी, कळवा, दिवा ही मुळची गावं, आणि स्टेशनजवळचं चेंदणी तर कोळीवाडाच. तुम्ही ज्या लग्नाला आलात ते आगरी किंवा कोळी घरचं असेल, तर हळदीला रात्री उशिरा पोचून नुसती हजेरी लावू नका. संध्याकाळीच जा. मांडवात धवलारीण धवले म्हणते, ती जुनी लग्नगीतं हल्ली कमी घरांत ऐकायला मिळतात, कानावर पडतील तेवढी ऐका. मग ब्रास बँड किंवा बेंजो सुरू होतो, आणि पहिली पाच मिनिटं खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारा पाहुणा सहाव्या मिनिटाला ओढून नाचात नेला जातो. विरोध करू नका. पांढरे कपडेही घालू नका, हळद कोणालाच सोडत नाही. लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा असते, त्यामुळे खरी धमाल आठ ते दहा. त्यानंतर जेवण: मटण, वडे, तांदळाची भाकरी. दुसऱ्यांदा वाढायला येतील तेव्हा हात आडवा धरलात तर राग येतो, म्हणून पहिल्यांदा थोडंच घ्या.

८. घोडबंदरला अडकलेल्यांसाठी

संध्याकाळी पाच ते नऊ तिथून शहरात यायचा विचारच करू नका. मुलं असतील तर कोलशेतचं नमो ग्रँड सेंट्रल पार्क, २०२४ मध्ये सुरू झालेलं मोठं उद्यान, थोडं तिकीट आहे. सकाळी लवकर उठणारे असाल तर गायमुखाच्या खाडीकाठी फिरून या, किंवा गाडी असेल तर घाट ओलांडून घोडबंदर किल्ल्यावर जा. तो मिरा-भाईंदरच्या हद्दीत येतो. पोर्तुगीज बांधणीचा, खाली उल्हास नदीची खाडी. अरबी घोडे इथे उतरायचे म्हणून गावाचं नाव घोडबंदर, असं सांगतात. सातच्या आत घाट ओलांडा आणि नऊच्या आत परत या, नाहीतर अवजड वाहनांच्या मागे अडकाल.

दुपारी उन्हात काहीच सुचत नसेल तर मॉल. विवियाना (आता त्याचं नाव लेक शोअर) आणि कोरम, दोन्ही हायवेवर. तुमच्या गावातल्या मॉलपेक्षा तिथे वेगळं काही नाही, एसी सोडून.

९. काहीतरी विसरलंय

विसरलेलं असतंच. परकरची नाडी, नथ, फेट्याचं कापड, आहेराचं पाकीट, मोत्यांचा सर. गोखले रोड आणि राम मारुती रोड एकमेकांजवळच आहेत, तिथे नऊवारीपासून इमिटेशन दागिन्यांपर्यंत सगळं मिळतं, आणि ब्लाऊजची शिवण उसवून देणारा शिंपीही. दुकानं दुपारी काही वेळ बंद ठेवणारे अजून आहेत, म्हणून दीडच्या आत किंवा पाचनंतर जा. स्वस्तातलं आणि घाऊक हवं असेल तर जांभळी नाका.

१०. परत निघताना

रिसेप्शन रात्री अकरा वाजता आटोपतं आणि कोणीतरी म्हणतं, ‘आत्ताच निघूया’. लोकल साधारण साडेबारा-एकपर्यंत असते, मग पहाटे चारच्या सुमारास पुन्हा. शेवटच्या गाडीच्या भरवशावर घोडबंदरहून निघू नका, एक गाडी आधीची धरा. एसटीने जाणाऱ्यांनी खोपट की वंदना ते तिकिटावर बघून घ्या, दोन्ही वेगळे थांबे आहेत आणि रिक्षावाला विचारणारच. आणि परतीचा दिवस रविवार असेल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकची बातमी बघा. मध्य रेल्वेचा असेल तर फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, उशीर होतो. ट्रान्सहार्बरचा असेल तर ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्या गाड्या काही तास बंदच असतात. बॅगा घेऊन फलाटावर पोचल्यावर ही बातमी कळण्यात काही अर्थ नाही.